इंग्रजी शिकायला हट्ट्याला

माणसं इंग्रजी शिकायला परदेशी जातात. ज्यांना तेवढं जमत नाही ती पुण्याला येऊन क्लास लावतात. मी एकाहत्तराव्या वर्षी पुण्याहून निघाले आणि इंग्रजी शिकायला हिंगोली जिल्ह्यातल्या हट्टा गावी गेले. परत येऊन आठवडा झाला, तरी बोटांवरची हळद गेलेली नाही. सून म्हणते, "आई, तुम्ही कणीक मळू नका, पोळ्या पिवळ्या होतात."

त्यात मी स्वतः इंग्रजीची शिक्षिका. अठ्ठावीस वर्षं शिकवलं, त्यातली पहिली सहा हट्ट्याच्याच शाळेत. त्या काळी मी सव्वीस वर्षांची होते, बी.एड. झालेली, आणि इंग्रजी भाषा माझ्याशिवाय पोरकी होईल असा माझा ठाम समज होता. आता त्या मुलीला कुठे भेटले तर तिला आधी खाली बसवून एक ग्लास पाणी देईन.

तर जाण्याचं कारण. माझी लेक मुग्धा इंग्लंडमध्ये लीड्सला असते. तिची मुलगी सई तेरा वर्षांची. पुढच्या महिन्यात मी पाच महिन्यांसाठी तिकडे जाणार आहे, कारण मुग्धाची ड्यूटी बदलली आहे आणि सई शाळेतून आल्यावर घरात एकटी असते. म्हणजे रोज दुपारपासून मी आणि ती, दोघीच. पूर्वी ही मुलगी दर रविवारी फोनवर अर्धा-अर्धा तास बोलायची. वर्षभरात ते आटत आटत "आय ऍम गुड, आजी" एवढ्यावर आलं. एका रविवारी मुग्धाने फोन तिच्याकडे दिला आणि मला पलीकडून हळूच ऐकू आलं, "डू आय हॅव टू?" मला बोलायलाच हवं का? चारही शब्द मला स्वच्छ कळले. व्याकरणही अचूक होतं.

त्या रात्री मी निष्कर्ष काढला की माझी इंग्रजी शिळी झाली आहे, म्हणून पोरगी कंटाळते. तिच्या पिढीची, रोजच्या वापरातली इंग्रजी शिकायला हवी. दुकानातून दोन पुस्तकं आणली, वही केली, वाक्प्रचार उतरवले. आणि तेव्हाच हट्ट्याच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सऍप ग्रुपवर नसरीनचा आवाज ऐकला.

नसरीन माझी सातवी-आठवीतली विद्यार्थिनी. वडिलांचं गाद्या भरायचं दुकान होतं. ती पुढे नर्स झाली, लीड्सच्याच बाजूला एका वृद्धाश्रमात अकरा वर्षं काम केलं, आणि आई थकली म्हणून गावी परत आली. आता ती घरची हळदीची शेती बघते आणि परदेशी जाऊ पाहणाऱ्या नर्स मुलींना बोलायला शिकवते. ग्रुपवर तिने कुणाला तरी इंग्रजीत निरोप पाठवला होता. तो मी तीनदा ऐकला. पहिल्यांदा कळलं नाही, दुसऱ्यांदा निम्मं कळलं, तिसऱ्यांदा हेवा वाटला. मग फोन केला.

"या ना बाई," ती म्हणाली. "पण हळदीचे दिवस आहेत. बसून शिकवणं न्हाई व्हायचं. हात चालवावे लागतील."

शुक्रवार, हिंगोली

रेल्वेतून उतरले तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. बाजाराच्या दिवसांत हिंगोलीची हवाच पिवळी असते. रिक्षात बसलं तरी नाकात हळद, चहात हळद. पुण्यात हळद ही चिमटीने मोजायची गोष्ट. इथे ती पोत्यांच्या थप्प्यांवरून माणसांच्या भुवयांवर येऊन बसलेली.

डेपोत हट्ट्याकडे जाणाऱ्या गाडीला अर्धा तास होता. मी बाकावर बसून वही काढली. 'गेट' या एका क्रियापदाचे एकवीस प्रकार पाठ करायचे होते: गेट अप, गेट ऑन, गेट ओव्हर, गेट अवे. डोळे मिटून म्हणत राहिले. डोळे उघडले तेव्हा तास झाला होता.

शेजारी पाण्याच्या बाटल्या विकणारा माणूस होता. त्याला विचारलं, "हट्ट्याची गाडी लागली का हो?"

"लागली अन् गेली बी. तुमच्या समोरून गेली."

"मग सांगायचं नाही का?"

"तुमी डोळे मिटून जप करून राहिल्या होत्या आजी. म्हटलं, मधी कशाला बोलावं."

अशा रीतीने 'गेट ऑन' पाठ करताना माझं गाडीत चढायचं राहून गेलं. पुढची गाडी फक्त औंढ्यापर्यंत होती. तीच घेतली.

शुक्रवार दुपार, औंढा

औंढ्याहून हट्ट्याची गाडी थेट संध्याकाळी होती, म्हणून देवळात गेले. नागनाथाचं देऊळ ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी एकदा जावंच. भिंतीवर एक बोट टेकवायलाही जागा न सोडता कोरलेलं, आणि गाभारा जमिनीखाली, इतका अरुंद की तिथे उतरताना मोठमोठे साहेबही वाकून, धडपडत, दुसऱ्याचा हात धरून उतरतात. मी एका अनोळखी बाईचा हात धरून उतरले आणि वर येताना तिने माझा धरला. नाव विचारायचं दोघींच्याही लक्षात आलं नाही.

बाहेर येऊन ओट्यावर बसले आणि बसल्या बसल्या लाज वाटायला लागली. जागा तीच होती.

हट्ट्याच्या शाळेत लागल्याच्या दुसऱ्या वर्षी मी सातवीची सहल इथे आणली होती. चाळीस मुलं, आणि मी काठापदराची साडी नेसून, हातात पट्टी घेऊन. तेवढ्यात एक गोरं जोडपं आलं. देवळं बघत फिरणारी माणसं होती. मुलांनी त्यांच्याभोवती कोंडाळं केलं आणि एकजण मोठ्या अभिमानाने माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "इंग्लिश टीचर." गोरी बाई हसत माझ्याकडे आली आणि काहीतरी बोलली. एक वाक्य असेल, फार तर दोन. मला त्यातला एक शब्द कळला नाही. पुस्तकात इंग्रजी अशी पळत नसे. ती ओळीत उभी असायची.

मी काय केलं असेल? गळ्याला हात लावला आणि घसा बसला आहे, आवाज निघत नाही, अशी खूण केली. दोनच मिनिटांपूर्वी मी "लाइनीत उभे राहा" म्हणून असं ओरडले होते की कळसावरची कबुतरं उडाली होती. चाळीस मुलं माझ्याकडे बघत होती.

मग बारा वर्षांची नसरीन पुढे झाली. "यू कम. बस देअर. आय शो," असं काहीतरी म्हणाली, हातवारे केले, आणि त्या दोघांना स्टँडवर नेऊन बरोबर गाडीत बसवून आली. परत आली तेव्हा तिचा चेहरा फुलला होता. आणि माझा बसलेला घसा एकाएकी मोकळा झाला. सगळ्यांसमोर मी तिला म्हणाले, "एका वाक्यात तीन चुका. माझ्या वर्गातली म्हणून सांगू नकोस."

चव्वेचाळीस वर्षांनंतर त्या ओट्यावर बसून मी शेंगदाण्याची चिक्की खाल्ली. गोड लागली नाही.

शनिवार, हट्टा

नसरीनच्या घरी रात्री पोचले आणि जेवून झोपलेच. शिकणं सुरू झालं सकाळी, खिचडी-खट्ट्याच्या न्याहारीवर. मसुराची मऊ खिचडी आणि त्यावर चिंच, तीळ, कांदा घातलेलं आंबट पातळ सार. पुण्यात मला सकाळी पोहे लागतात. इथे मी दोनदा खिचडी घेतली आणि तिसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही, सरळ वाढली.

नसरीनची आई बाजेवर बसून मला निरखत होती. सगळे त्यांना अम्मी म्हणतात.

"तुमीच का वो त्या छडीवाल्या बाई?"

"छडी नव्हती अम्मी. लाकडी पट्टी होती."

"लागायची तर सारखीच," अम्मी म्हणाल्या आणि दात नसलेलं तोंड भरून हसल्या.

मागच्या अंगणात ओल्या हळदीचा ढीग पडला होता. शेतातून उकरून आणलेला, मातीसकट. मधल्या गड्ड्याला चिकटलेली बोटं मोडून वेगळी करायची, माती झटकायची, कुजकी बाजूला टाकायची, मग शिजवायला द्यायची. ढिगाभोवती चार बाया होत्या आणि शीतल नावाची एक नर्सिंग झालेली मुलगी. मी पदर खोचला आणि वही उघडली.

"वही कशाला आणली बाई?" नसरीनने विचारलं.

"एकशे चाळीस वाक्प्रचार उतरवलेत."

तिने हात पुसून वही घेतली, एक पान वाचलं. "'किक द बकेट.' हे कुणाला म्हणणार तिथं?"

"म्हणजे मरण पावणे. परीक्षेला हमखास यायचं."

"अकरा वर्षं म्हाताऱ्या माणसांत होते मी. महिन्याला कुणी ना कुणी जायचं. एकदा बी न्हाई ऐकलं. 'पास्ड अवे' म्हणायचे. अन् हळू म्हणायचे."

तिने पान उलटलं. "'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज.'"

"हे तरी चालतं ना?"

"तिथं रोज पाऊस. खिडकीतून बघून म्हणायचे, 'चकिंग इट डाउन'. कुत्री-मांजरं कुणीच काढली न्हाईत बाई."

जिथे पावसाची वाट बघून माणसांच्या माना दुखतात त्या गावात मी सहा वर्षं कुत्र्या-मांजरांचा पाऊस पाडला होता, आणि तोही चुकीचा. वही अम्मींच्या उशीखाली गेली आणि शिकवणी सुरू झाली.

तिची पद्धत अशी. हात जे करतील ते तोंडाने म्हणायचं. बोट मोडलं की 'ब्रेक ऑफ'. माती झटकली की 'शेक ऑफ'. कुजकं निवडलं की 'पिक आउट', आणि मागे फेकलं की 'चक अवे'. टोपलं भरलं की 'फिल अप', ओतलं की 'टिप आउट'. काम थांबलं तर शब्दही थांबवायचा. बाकीच्या बायांना इंग्रजी शिकायची नव्हती, पण दुपारपर्यंत त्यासुद्धा "चक अवे, चक अवे" म्हणत हळद भिरकावत होत्या. मी एकवीस 'गेट' पाठ करायला पंधरा दिवस घालवले होते. इथे एका सकाळी बावीस क्रियापदं हाताला चिकटली. हळदीसारखी.

चहाला बसलो तेव्हा शीतलने विचारलं, "दीदी, तिकडं सारखं 'यू ऑल राइट?' विचारतात ना, त्याला काय म्हणायचं?"

"पहिल्या आठवड्यात मी खरं सांगितलं," नसरीन म्हणाली. "पाठ दुखायली, झोप न्हाई लागली, अम्मीची याद येते. ती बाई बिचारी दारात अडकून पडली. नुसतं 'ऑल राइट' म्हणून पुढं जायचं. आपल्याकडं रस्त्यात 'जेवलात का' विचारतात, तेव्हा कुणी ताट आणतं का?"

मी म्हटलं, "पुण्यात तेवढंही विचारत नाहीत, न जाणो समोरचा 'नाही' म्हणाला तर."

संध्याकाळपर्यंत मला 'चफ्ड' म्हणजे खूश, 'नॅकर्ड' म्हणजे थकून गळालेली, आणि 'पॉप इन' म्हणजे जाता जाता डोकावणं हे सगळं आलं. मी स्वतःवर बेहद्द चफ्ड होते. कंबर नॅकर्ड होती.

रविवार, हट्टा

रविवारी दुपारी सईचा फोन. लीड्सला तेव्हा सकाळ असते. मी ढिगापाशीच बसले होते. नसरीन शेजारी, फोन मांडीवर, आवाज मोठा केलेला. परीक्षेला बसल्यासारखं वाटत होतं.

"हाय, आजी. यू ऑल राइट?"

"ऑल राइट, लव्ह. बिट नॅकर्ड. पण चफ्ड टु बिट्स."

पलीकडे सई हसली. वर्षभरात मी ते हसू ऐकलं नव्हतं. "आजी, हू टॉट यू दॅट?" म्हणाली. मग आपणहून बोलायला लागली. पॉपी नावाची तिची मैत्रीण आहे. "सो, मी अँड पॉपी," तिने सुरुवात केली.

"पॉपी अँड आय," मी म्हणाले.

कसं म्हणाले, कधी म्हणाले, मलाच कळलं नाही. शिंक यावी तसं आलं.

"येस," सई म्हणाली. आवाज परत तसाच, सपाट. "एनीवे. हिअर्ज मम."

मुग्धाशी काय बोलले ते आठवत नाही. फोन ठेवला. बायांना शब्द कळले नसले तरी सूर कळला होता. नसरीनने हातातलं हळदीचं बोट मोडलं, टोपल्यात टाकलं, मग म्हणाली, "बाई, लेकरू बोलायला लागलं होतं."

"मी फक्त बरोबर करून सांगितलं."

"दर रविवारी सांगता का?"

मला गेलं वर्ष आठवायला लागलं. ती 'गॉना' म्हणाली की मी 'गोइंग टु'. ती 'लाइक, लाइक' म्हणाली की मी "एकदाच म्हण." शाळेत कुणी रडवलं ते ती सांगत होती आणि मी तिचा भूतकाळ दुरुस्त करत होते.

बाजेवरून अम्मी बोलल्या. "औंढे से आयी थी ना नसरीन, वो दिन रोतेच घर को आयी. मैं बोली, क्या हुआ? बोली, अम्मी, मैंने तीन गलत्यां करी."

नसरीनने आईकडे बघून मान हलवली. "जाऊ दे ना अम्मी." मग माझ्याकडे वळली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे ऐकणं जास्त जड गेलं. "त्या दिवसानंतर तुमच्या तासाला मी तोंड न्हाई उघडलं बाई. दीड वर्ष. दुसऱ्या सगळ्यांसमोर बोलायचे. गोठ्यात म्हशीसमोर बी इंग्रजी बोलायचे. फक्त तुमच्यासमोर न्हाई."

मला ते कधी दिसलंच नव्हतं. मी तिच्या प्रगतिपुस्तकावर 'शांत मुलगी' असं लिहिलं होतं, आणि ती स्तुती समजले होते.

"नसरीन," मी म्हणाले, "त्या बाईचं मला एक अक्षर कळलं नव्हतं. घसा बसला नव्हता माझा."

"माहीत होतं की. साऱ्या वर्गाला माहीत होतं."

"मग कुणी बोललं का नाही?"

"बाईंच्या हातात पट्टी होती," ती म्हणाली, आणि अम्मी आधी हसल्या, मग ती, मग मी. हसता हसता मी तिची माफी मागितली. मराठीत मागितली. तिने पिवळ्या हातानेच माझा हात धरला आणि म्हणाली, "तुमी इतक्या लांबून शिकायला आलात. अजून काय पाहिजे मला?"

मग तिने शेवटचा धडा दिला. वृद्धाश्रमात पहिले सहा महिने तिला लोकांचं अर्धंही समजत नसे. तिथल्या एका जुन्या नर्सने तिला सांगितलं होतं, माणूस बोलायला लागला की दोनच शब्द वापर. 'गो ऑन.' पुढे बोल. "कळो न कळो," नसरीन म्हणाली, "माणसाला पुढचं सांगावं वाटलं पाहिजे. अन् जीभ वळवळली तर दाताखाली हळकुंड धरा."

संध्याकाळी मी सईला निरोप पाठवला. बराच खोडून लिहिला आणि शेवटी तीनच वाक्यं ठेवली. मी मध्ये बोलले. पॉपीचं ऐकायचं आहे. दुरुस्त करणार नाही. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

सोमवार, परतीची गाडी

निघताना अम्मींनी उशीखालून माझी वही काढून दिली. मी ती शीतलला दिली, चुलीला तरी उपयोगी पडेल म्हणून. नसरीन स्टँडपर्यंत आली. तिने पिशवीत हळद, भाकरी आणि जवसाची चटणी भरली होती. कंडक्टरला बजावलं, "आमच्या बाई आहेत, हिंगोलीला उतरवा." मला सहा वर्षांत या गावात जे मिळवता आलं नव्हतं ते त्या एका वाक्यात होतं, आणि तेसुद्धा तिने फुकट दिलं.

दुपारचा दीड वाजला असेल. गाडीत एक म्हातारी माझ्या शेजारी बसली होती, मांडीवर मेथीची जुडी घेऊन. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हळद वाळत होती. फोनकडे मी सकाळपासून किती वेळा बघितलं ते सांगत नाही. आणि तो वाजला. सई. रविवार नसताना, आईने हातात न देता.

ती शाळेकडे चालत होती. तिच्याकडे वारा, माझ्याकडे एसटीचा खडखडाट. मी एका कानात बोट घातलं. पॉपीचं आणि तिचं बिनसलं होतं, बरेच दिवस झाले होते, आणि घरात कुणाला माहीत नव्हतं. पुढचं मी इथे लिहिणार नाही. तिने ते मला सांगितलंय. मध्ये कितीतरी शब्द वाऱ्याने नेले, कितीतरी मला आलेच नाहीत. जिथे ती थांबली तिथे मी म्हणाले, "गो ऑन." ती पुढे बोलली. दोन ठिकाणी जीभ उचलली गेली. हळकुंड पिशवीत तळाशी होतं, म्हणून पदराचं टोक दाताखाली धरलं. शाळेची घंटा झाली तेव्हा ती "बाय आजी, टॉक टुमॉरो" म्हणाली.

उद्या. मी फोन हातात धरून बसले.

शेजारची म्हातारी माझ्याकडेच बघत होती. "कोण होतं वो?"

"नात. इंग्लंडला असते."

"लई वेळ बोलली. काय म्हणत होती?"

"अर्धंच कळलं मला."

"मग एवढा वेळ पदर चावत व्हय व्हय काहून करून राहिल्या होत्या?"

"तिचं सांगून व्हायचं होतं ना," मी म्हटलं. "राहिलेलं अर्धं उद्या सांगणार आहे."

म्हातारीने जरा विचार केला, मेथीची जुडी बाजूला सरकवली, आणि स्वतःच्या नातवाविषयी बोलायला लागली. हिंगोली येईपर्यंत मी ऐकत होते.